तेरची तरंगती वीट

निलंग्याचें नीलकंठेश्वराचें दगडी देऊळ पाहून जो तेरला त्रिविक्रमाच्या दर्शनास जाईल, त्याला बांधकामाचीं दोन टोकें पाहावयास मिळतील. निलंग्यास सारा भार काळ्या दगडाचा; तेरला मंदिर उभें आहे तें विटांचें. ज्या तेरणेच्या कांठीं तेर वसलें, तीच नदी पुढें निलंगा तालुक्यांतून वाहत जाऊन मांजरेस मिळते.

तेरच्या जुन्या विटांपैकीं कांहीं पाण्यांत टाकल्या असतां बुडत नाहींत. भाविक यास चमत्कार म्हणतात. आम्हांस वाटतें कीं, तसें म्हटल्यानें देवाची थोरवी वाढत नाहीं. विटा घडविणाऱ्याची मात्र बुडते.

भरलेली घागर पाण्याखालीं असेपर्यंत हलकी लागते व वर येतांच दोराला ओढ बसते, हा अनुभव विहिरीवर कोणास नाहीं? वस्तु जितकें पाणी बाजूस सारते, तितक्या पाण्याच्या वजनाइतका तिचा भार कमी भासतो, हा नियम आर्किमिडीझनें इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत सांगितला. घनफूटभर पाणी सुमारें ६२ पौंड भरतें. तेवढाच काळा दगड सुमारें १८० पौंडांचा. तो पाण्यांत ११८ पौंडांचा भासेल, पण तळ गांठल्यावांचून राहणार नाहीं. वीट तरंगावयाची तर ती ६२ पौंडांच्या आंत हवी. तेरच्या कारागिरानें मातींत भाताचें तूस मिसळलें. भट्टींत तें जळालें आणि त्याच्या जागीं हवेच्या पोकळ्या राहिल्या.

व्हिट्रूव्हियस या रोमन शिल्पशास्त्रज्ञानें स्पेनांतील व आशिया मायनरमधील अशाच विटांचा उल्लेख केला आहे. तगर म्हणजे तेर हें नांवही ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत व्यापारी पेठ म्हणून येतें. परंतु एकानें दुसऱ्याचें उचललें असें मानण्याचें कारण नाहीं. तिकडे हलकेपणा मूळ मातीचाच होता, तेरला तो हातानें आणलेला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच तेरणेच्या खोऱ्यांत, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. चिखलांत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीचीं माळवदें कोसळून हजारो माणसें दगावलीं. तेरच्या विटेनें तीं वांचलीं असतीं, असें म्हणणें धाडसाचें होईल. पण डोक्यावरचा भार हाही विचाराचा विषय आहे, हें या खोऱ्यांतील एका अनाम कारागिरास पूर्वींच उमगलें होतें. त्रिविक्रमापुढें हात जोडतांना त्याचेंही स्मरण व्हावें.