अश्वारूढ पुतळा आणि आपली दृष्टी

आधुनिक कला म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईची कलादालने येतात, भिंतीवर टांगलेली चित्रे येतात आणि ती पाहून काही न समजल्याने खाली मान घालून बाहेर पडणारा सामान्य माणूस येतो. पण आपल्या काळातील सर्वांत अधिक लोक जी कला पाहतात, ती कलादालनात नाही. ती चौकात आहे. जालना रस्त्यावरून क्रांती चौक ओलांडणारा विद्यार्थी, रिक्षावाला, भाजी घेऊन घरी निघालेली गृहिणी या साऱ्यांना दिवसातून दोनदा एक शिल्प भेटते. ते चांगले की वाईट, नीट दिसते की नाही, पक्के आहे की कच्चे, हे प्रश्न मात्र आपण विचारीत नाही. पुतळा हा श्रद्धेचा विषय. त्याच्या कारागिरीची चिकित्सा कशी करावी, असा संकोच आपल्या मनात असतो. हा संकोच चुकीचा आहे आणि तो आपणांस महाग पडतो, एवढेच मला इतिहासाच्या आधाराने सांगावयाचे आहे.

प्रथम या चौकाचीच गोष्ट पाहू. १८५७ च्या जून महिन्यात येथील छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळात असंतोष पेटला. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास आपल्याला नेणार, या वार्तेने स्वार बिथरले होते. उठाव मोडला गेला, देहान्ताच्या शिक्षा झाल्या, आणि त्या स्मृतीचा काळा चबुतरा हे या चौकाचे मूळ स्मारक होय. पुढे १९८० नंतरच्या दशकात येथे शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. मग शेजारून उड्डाणपूल गेला आणि पुतळा ठेंगणा वाटू लागला. पुतळा होता तेवढाच होता. बदलली होती ती पाहणाऱ्याची जागा. म्हणून उंची वाढविण्याची मागणी झाली आणि १८ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री, शिवजयंतीच्या पूर्वसंध्येला, नव्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुण्याचे शिल्पकार दीपक थोपटे यांनी घडविलेला हा पुतळा २१ फूट उंच आहे आणि त्याखालचा चौथरा ३१ फूट. एकूण ५२ फूट. पुतळ्यापेक्षा चौथरा मोठा, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्या काळातील रस्त्यांनी शिल्पाला काय करावयास लावले, ते या एका आकड्यात दिसते.

घोड्यावर बसलेल्या पुरुषाचा धातूचा पुतळा चौकात उभा करण्याची रीत आपल्याकडे मुळात युरोपातून आली. आपल्या वीरगळांवर घोडेस्वार आहेत, देवळांच्या खांबांवर आहेत. पण ते दगडाला धरून आहेत. चारी बाजूंनी मोकळा, चार बारीक पायांवर सारे ओझे पेलणारा कांस्याचा घोडा हा वेगळाच प्रश्न आहे. रोममधील मार्कस ऑरेलियसच्या पुतळ्यात, दुसऱ्या शतकातच, घोड्याने एक पाय उचललेला आहे. पादुआ येथे १४५३ साली बसविलेल्या पुतळ्यात दोनातेल्लोने उचललेल्या पायाखाली एक गोळा ठेवला. भार वाटून घेण्याची ती युक्ती होती. दोन्ही पुढचे पाय हवेत असलेला राजाचा घोडा माद्रिदसाठी १६४० च्या सुमारास पिएत्रो ताक्काने घडविला. त्यासाठी पुढचा भाग पोकळ आणि मागचा भरीव ठेवून तोल साधावा लागला. घोड्याचा एक पाय वर असला म्हणजे स्वार जखमी होऊन मेला आणि दोन वर असले म्हणजे रणात पडला, असे आपल्याकडे ठासून सांगतात. या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. शिल्पकाराने पाय कोठे ठेवला, हे तोल, गती आणि रचना यांनी ठरते. वीराच्या मृत्यूने नव्हे.

इंग्रजांनी ही रीत मुंबईत आणली. ज्या काळ्या घोड्यावरून तेथील एका भागाला नाव पडले, तो प्रिन्स ऑफ वेल्सचा पुतळा बोहेम या शिल्पकाराचा. अल्बर्ट ससूनने तो १८७९ साली शहराला दिला. १९६५ साली तो तेथून हलवून भायखळ्याच्या उद्यानात नेण्यात आला. घोडा गेला, नाव राहिले. आणि २०१७ साली त्या जागी पुन्हा घोडा आला तो स्वाराविना. सत्ता बदलली की स्वार उतरतो, ही गोष्ट पुतळ्यांच्या इतिहासात नवी नाही.

परंतु राज्यकर्त्यांची ही रीत महाराष्ट्राने आपलीशी केली ती शिवछत्रपतींसाठी. पुण्याच्या स्मारकाची पायाभरणी १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्याच हस्ते झाली. त्यामागे कोल्हापूरच्या शाहू महाराजांची प्रेरणा होती. काम पुरे झालेले पाहण्यापूर्वीच, १९२२ साली, ते निवर्तले. पुतळा घडविला तो अलिबागजवळच्या सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांनी. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरील शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. ते कलेक्टर ऑटो रॉथफील्डच्या दृष्टीस पडले आणि त्या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट सापडली. साडेतेरा फुटांचा हा पुतळा करमरकरांनी माझगावात एकसंध ओतविला. एरवी एवढे शिल्प तुकड्यांनी ओतून मग सांधतात. एकसंध ओतकामात रस मध्येच थिजला, हवा अडकली, तर महिन्यांची मेहनत एका रात्रीत वाया जाते. करमरकरांनी तो धोका पत्करला. १६ जून १९२८ रोजी पुण्यात पुतळ्याचे अनावरण झाले. पुढील कित्येक शिल्पकारांनी शिवछत्रपती घोड्यावर कसे बसत असतील, याचे उत्तर याच पुतळ्याकडे पाहून शोधले.

आता अलीकडची एक कटू घटना. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही तो टिकला नाही. आतील सांगाड्याचा गंज, दुबळी रचना आणि सदोष जोडकाम ही कारणे तज्ज्ञांच्या समितीने दाखविल्याचे वृत्त आले. समुद्राची खारी हवा काही रात्रीतून आली नव्हती. ती तेथे होतीच. महाराजांनी त्याच किनाऱ्यावर बांधलेला सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ लाटा अंगावर घेत समोर उभा आहे. पुतळा पडला तेव्हा सारा महाराष्ट्र दुखावला; पण तो घडत असताना सांगाड्याविषयी, जोडाविषयी विचारणारे किती होते? धातूच्या पुतळ्याचा जीव त्याच्या आत असतो, आणि आत काय आहे हे बाहेरून हार घालणाऱ्याला दिसत नाही.

त्याच जागी ११ मे २०२५ रोजी नवा, ६० फुटांचा पुतळा उभा राहिला तो राम सुतार यांच्या कार्यशाळेतून. सुतारांचे नाव येथे घेण्यास आणखी एक कारण आहे. धुळे जिल्ह्यातील गोंदूरचा हा शिल्पकार १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत याच शहरी होता आणि अजिंठा-वेरूळच्या झिजलेल्या मूर्तींच्या दुरुस्तीचे काम करीत होता. पुढे त्यांनी नर्मदेकाठी १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा घडविला आणि वयाची शंभर वर्षे पुरी करून २०२५ च्या डिसेंबरात ते निवर्तले. जगातील सर्वांत उंच पुतळ्याच्या कर्त्याची उमेदवारीची काही वर्षे वेरूळच्या दगडापुढे गेली, ही गोष्ट या शहराने विसरू नये.

वेरूळ त्यांना काय शिकवू शकत होते? कैलास लेण्याकडेच पाहावे. तेथेही मंदिर उंच जोत्यावर आहे. पण ते जोते म्हणजे कोरी भिंत नव्हे. हत्तींची रांग मंदिर पाठीवर पेलून उभी आहे. माणूस जवळ जातो तेव्हा त्याच्या नजरेच्या टप्प्यात प्रथम हत्ती येतात, मग नजर वर चढते. उंची त्याला दूर लोटीत नाही, हाताला धरून वर नेते. बीबीच्या मकबऱ्याकडे ताजची नक्कल म्हणून आपण नाक मुरडतो. पण दरवाजातून आत शिरल्यावर पाण्याच्या पाटालगतची ती लांब वाट चालताना इमारत पावलापावलाने मोठी होत जाते. पाहणारा कोठे उभा राहील, हे बांधणाराने आधी ठरविले होते.

चौकाचे नेमके याच्या उलट आहे. येथे पाहणारा थांबतच नाही. तो पुलावरून जातो, खालून वळतो, सिग्नलला क्षणभर मान वर करतो. अशा ठिकाणी उंची हे एकच उत्तर नसते. घोड्याची मान कोणत्या रस्त्याकडे असावी, पुलावरून स्वाराचा चेहरा दिसेल की पाठ, दुपारच्या उन्हात छाया कोठे पडेल, जवळ येऊ पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडता येईल का, हेही शिल्पाचेच प्रश्न आहेत. चौथऱ्याच्या मोजमापाइतकेच त्यांना महत्त्व आहे.

मित्रहो, पुतळा उभारावयाचा ठरला की आपण वर्गणी देतो, मिरवणूक काढतो. त्याआधी आणखी थोडे मागावे. मातीचा नमुना लोकांना पाहू द्यावा. बांबू आणि कापड यांचा पुऱ्या मापाचा आकार जागेवर उभा करून चारी रस्त्यांवरून तो पाहावा. सांगाड्याचा आराखडा जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावा आणि उभारल्यानंतरही ठराविक काळाने आतून तपासणी व्हावी. पाटीवर उद्घाटकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत शिल्पकाराचे आणि ओतकाम करणाऱ्यांचे नाव असावे. यात कोठेही अनादर नाही. गडाचा दगडन् दगड पारखून घेणाऱ्या राजाच्या पुतळ्याला निदान एवढी पारख तरी लाभली पाहिजे. आणि क्रांती चौकात महाराजांकडे मान वर करून पाहताना, खाली असलेल्या काळ्या चबुतऱ्याकडेही नजर जावी. त्या १८५७ च्या स्वारांना अश्वारूढ पुतळा कोणी उभारलेला नाही.