दोलनदर्शक
विद्युत् दाब कालानुसार कसा बदलतो, याचा आलेख पडद्यावर प्रत्यक्ष दाखविणारे उपकरण. साध्या विद्युत् दाबमापकाच्या काट्याला जडत्व असल्याने जलद बदलणाऱ्या दाबाबरोबर तो हलू शकत नाही. प्रत्यावर्ती दाबाचे तो एकच परिणामी मूल्य दाखवितो. परिणामी मूल्य सारखे असलेल्या दोन दाबांचे तरंगाकार अगदी भिन्न असू शकतात. हा भेद ओळखण्याच्या गरजेतून दोलनदर्शकाचा विकास झाला.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्यावर्ती विद्युत् पुरवठ्याचा प्रसार होऊ लागला, तेव्हा जनित्रातून मिळणाऱ्या तरंगाचा आकार माहीत असणे आवश्यक झाले. फ्रेंच भौतिकीविज्ञ झ्यूल झूबेर यांनी १८८० मध्ये बिंदुशः मापनाची पद्धत वापरली. जनित्राच्या दंडावरील स्पर्शक प्रत्येक फेऱ्यात एका ठराविक स्थितीतच मंडल जोडीत असे. त्या क्षणीचा दाब मोजून स्पर्शक थोडा सरकविला जाई व अशा अनेक बिंदूंवरून वक्र काढला जाई. प्रत्येक आवर्तन आधीच्यासारखेच असेल, तरच ही पद्धत उपयोगी पडे. एकदाच घडणारी घटना तिच्या कक्षेबाहेर राही.

आंद्रे ब्लाँदेल यांनी १८९३ मध्ये दोलनलेखक तयार केला. प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील अतिशय हलक्या हलत्या भागावर छोटा आरसा बसवून त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशझोत सरकत्या छायाचित्रण फिल्मवर पाडला जाई. विल्यम डडेल यांनी १८९७ मध्ये त्यात सुधारणा केल्या. परंतु भाग कितीही हलका केला, तरी त्याचे वस्तुमान शून्य होत नाही. त्यामुळे उच्च कंप्रतांना हे उपकरण अपुरे पडे.

ही अडचण कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांनी १८९७ मध्ये स्ट्रासबर्ग येथे तयार केलेल्या ऋण किरण नलिकेने दूर झाली. हिच्यात काट्याचे काम इलेक्ट्रॉनांची शलाका करते व तिचे जडत्व नगण्य असते. प्रारंभी शलाका चुंबकीय वेटोळ्याने एकाच दिशेत विचलित केली जाई आणि पडद्यावरील रेषा फिरत्या आरशात पाहून तरंग उलगडावा लागे. ब्राउन यांचे सहकारी योनाटान त्सेनेक यांनी १८९९ मध्ये ठिपका कालाच्या प्रमाणात आडवा सरकविण्याची योजना केली. काल आडव्या व दाब उभ्या अक्षावर ही आजची मांडणी त्यातूनच आली. पुढे १९२० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत जे. बी. जॉन्सन यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत तप्त ऋणाग्राची, काहीशे व्होल्ट दाबावर चालणारी नलिका बनविली आणि हे साधन प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले.

जोसेफ अर्लांगर व हर्बर्ट गॅसर यांनी १९२२ मध्ये तंत्रिकेतील विद्युत् आवेग ऋण किरण नलिकेवर पाहिले. एका आवेगाची रेषा फार अंधुक असल्याने त्यांनी तंत्रिकेला पुनःपुन्हा उद्दीपन दिले व प्रत्येक उद्दीपनाबरोबरच आडवी फेरी सुरू केली. त्यामुळे सर्व रेषा एकमेकींवर पडत. जाड तंतूंमधून आवेग अधिक वेगाने जातो, हे या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यांना १९४४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चित्राकडून मापनाकडे : सामान्य दोलनदर्शकांत मात्र आडवी फेरी अखंड चालू राही. तिची कंप्रता संकेताशी जुळवून चित्र स्थिर करावे लागे आणि कालाचे माप अनिश्चित राही. दुसऱ्या महायुद्धातील रडारने अचूक कालमापन अनिवार्य केले : रेडिओ तरंगाला जाऊन परत येण्यास लागणारा एक मायक्रोसेकंद म्हणजे लक्ष्याचे सुमारे १५० मी. अंतर होय. युद्धकाळात रडारवर काम केलेले हॉवर्ड व्हॉलम आणि जॅक मर्डॉक यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे टेक्ट्रॉनिक्स कंपनी स्थापन केली. तिच्या १९४७ मधील ५११ या दोलनदर्शकात संकेत ठराविक पातळीला पोहोचताच आडवी फेरी सुरू होई आणि काल व दाब हे दोन्ही अंशांकित पट्ट्यांवर मोजता येत. दाखविणारे उपकरण अशा रीतीने मोजणारे झाले.

मर्यादा : वर्धकाच्या कंप्रतामर्यादेचा परिणाम आलेखावर होतो. एखादी दाबाची पायरी चढण्यास उपकरणाला लागणारा काळ सामान्यतः ०·३५ भागिले कंप्रतामर्यादा एवढा असतो. १० मेगॅहर्ट्‌झ मर्यादेसाठी तो ३५ नॅनोसेकंद होतो. याहून जलद बदल पडद्यावर मंद झालेले दिसतात. तेव्हा दिसणारा उतार संकेताचा की उपकरणाचा, हे निरीक्षकाने तपासणे आवश्यक असते.

सन १९७० नंतरच्या दशकात अंकीय दोलनदर्शक आले. त्यांत ठराविक अंतराने दाबाचे नमुने घेऊन ते स्मृतीत साठवितात. त्यामुळे एकदाच घडणारी घटना, तिच्या आधीच्या क्षणांसह, नंतर सावकाश पाहता येते. ऋण किरण नलिकेची जागाही पुढे द्रव स्फटिक पडद्यांनी घेतली. मात्र नमुने घेण्याचा वेग संकेतातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक नसेल, तर प्रत्यक्षात नसलेला मंद तरंग पडद्यावर स्पष्टपणे उमटू शकतो. जडत्वाचा दोष गेला, तरी आलेखाची पारख करण्याची गरज कायम राहिली आहे.