शिडापासून इंजिनापर्यंत : मुंबई उपनगरातील कोळी होड्यांच्या दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना

भारताच्या सागरी इतिहासात मुंबईचे स्थान वादातीत आहे. सुरतेहून १७३५-३६ च्या सुमारास मुंबईस आलेले लवजी नसरवानजी वाडिया, १७५० मध्ये येथे उभी राहिलेली कोरडी गोदी, वाडिया घराण्याने बांधलेली ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३) व ‘त्रिंकोमाली’ (१८१७) ही सागवानी युद्धजहाजे यांचा उल्लेख या विषयावरील बहुतेक ग्रंथांत आढळतो. यांपैकी ‘त्रिंकोमाली’ दुरुस्तीनंतर आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. तथापि मुंबई बेटाच्या उत्तरेस, साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेसावे (वर्सोवा), मढ, मनोरी, गोराई या कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका वेगळ्या नौकापरंपरेकडे इतिहासलेखनाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. या परंपरेत होडी एकदा बांधून संपत नाही. ती दरवर्षी उकलली जाते, तपासली जाते, सुधारली जाते आणि पुन्हा पाण्यात उतरते.

विसाव्या शतकाच्या मध्यास याच होड्यांमध्ये एक मूलगामी बदल घडला. वाऱ्यावर चालणाऱ्या होडीत डिझेल इंजिन बसले. या बदलास शासकीय कागदपत्रांत ‘यांत्रिकीकरण’ असे नाव आहे. हा बदल कर्ज, अनुदान आणि इंजिनांचा पुरवठा यांच्या आकड्यांतून सांगितला जातो. परंतु इंजिन बसले ते ज्या लाकडी होडीत, तिचे रूपांतर कोणी केले, कोठे केले आणि कोणत्या ज्ञानाच्या आधारे केले, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा ऊहापोह करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) उपनगरातील कोळी होडीची घडण व तिच्या वार्षिक दुरुस्तीची व्यवस्था समजून घेणे.
२) शिडाच्या होडीचे इंजिनाच्या होडीत झालेले रूपांतर दुरुस्तीच्या परंपरेच्या संदर्भात तपासणे.
३) दुरुस्तीचे ज्ञान आणि किनाऱ्यावरील जागा यांच्यातील संबंध स्पष्ट करणे.

यासाठी गॅझेटियर, मत्स्यव्यवसायविषयक प्रकाशित लेखन व शासकीय अधिसूचना या साधनांचा आधार घेऊन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

साष्टीचा किनारा आणि होडीची घडण

साष्टीचा किनारा अनेक सत्तांखाली गेला. पोर्तुगीजांचा अंमल, १७३७ ते १७३९ या काळातील चिमाजी अप्पांची वसई मोहीम, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतलेला ताबा आणि १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला मुंबई उपनगर जिल्हा, असा हा राजकीय क्रम आहे. अंधेरीपर्यंतचा भाग १९५० मध्ये व त्यापलीकडील बोरिवली, मुलुंडकडील भाग १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आला. या सर्व स्थित्यंतरांत कोळीवाड्यांचा व्यवसाय मात्र भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालत राहिला.

मत्स्यव्यवसायविषयक लेखनात महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावरील होड्यांचे ‘सातपाटी पद्धतीच्या’ व ‘वर्सोवा पद्धतीच्या’ असे दोन प्रकार मानले जातात. पालघर किनाऱ्यावरील सातपाटीचे मच्छीमार तरंगत्या गिलजाळ्यांनी खोल पाण्यात मासेमारी करीत. त्यामुळे त्यांची होडी रुंद आणि उंच काठाची असे. वेसाव्याची मासेमारी प्रामुख्याने डोल जाळ्यावर आधारलेली होती. डोल म्हणजे समुद्रतळाशी पक्के बांधलेले पिशवीसारखे जाळे. पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, करंदी त्यात शिरतात आणि ओढ मंदावली की जाळे वर ओढून घेतले जाते. भरलेले जाळे हातांनी काठावरून आत घ्यावयाचे असल्याने होडीचा काठ बुटका असणे सोयीचे ठरे. होडीचा आकार जाळ्याने ठरवला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

पश्चिम किनाऱ्यावर होडीच्या फळ्यांसाठी सागवान आणि आतील वाकड्या फासळ्यांसाठी बाभूळ वापरण्याची प्रथा होती. बाभळीच्या नैसर्गिक वाकांमुळे लाकडाचे तंतू न कापता फासळी मिळे व ती अधिक बळकट ठरे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून त्यावर राळेचा लेप देत. पाण्याखालच्या भागास चुना व चरबी यांचे मिश्रण लावीत. या प्रत्येक द्रव्यास मर्यादित आयुष्य होते. कापूस सैल पडे, राळ तडकत असे, चुना धुऊन जाई. सारांश, दुरुस्ती ही होडीच्या घडणीतच गृहीत धरलेली होती.

वाळू हीच गोदी : पावसाळी दुरुस्तीची व्यवस्था

कोळी होडीचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. नारळी पौर्णिमेपासून ज्येष्ठाच्या आसपासपर्यंत समुद्र आणि मधले पावसाळी महिने किनारा. शासनाने १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम करून पावसाळी बंदीस कायद्याची चौकट दिली. अलीकडच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची राहिली आहे. परंतु हा विराम कायद्याहून जुना आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत शिडाची होडी समुद्रात टिकत नसे आणि तोच काळ दुरुस्तीस मिळे.

होडी वर घेण्यासाठी उधाणाची भरती साधावी लागते. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणात पाणी सुमारे पाच मीटरपर्यंत चढते. अमावास्या वा पौर्णिमेच्या आसपासच्या या भरतीने होडी शक्य तितकी वर आणली जाते. पुढे लाकडी ओंडक्यांवरून, अनेक माणसांच्या बळाने ती वाळूच्या उंचवट्यावर ओढली जाते. होडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंस टेकू दिले जातात आणि पावसापासून बचावासाठी झावळ्यांचे, पुढील काळात ताडपत्रीचे छप्पर घातले जाते. लहानसहान कामासाठी एवढाही खटाटोप लागत नाही. ओहोटीस होडी चिखलात एका कुशीवर टेकते आणि पुढची भरती येईपर्यंतच्या काही तासांत तळ खरवडून स्वच्छ करता येतो.

ब्रिटिश आरमाराच्या जहाजांसाठी दगडी भिंतींची आणि दरवाजांची कोरडी गोदी लागली. कोळ्यांसाठी हेच काम भरती, ओहोटी आणि वाळूचा उतार यांनी केले. या दृष्टीने किनाऱ्याची मोकळी वाळू ही निव्वळ रिकामी जागा नसून उत्पादनाचे एक साधन होती.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असे. प्रथम तळाला चिकटलेले शिंपले व शेवाळ काढले जाई. नंतर फळ्यांवर हातोडीने हलके ठोके मारून आवाज ऐकला जाई. भरीव आवाज निरोगी लाकडाचा आणि पोकळ आवाज आतून पोखरलेल्या लाकडाचा. समुद्री लाकूडकिडा बाहेरून सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून शिरतो आणि आत लाकूड पोखरत मोठा होतो. त्यामुळे डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवावी लागे. पोखरलेला भाग कापून नवी फळी बसवणे, गंजलेले खिळे बदलणे, सांधे पुन्हा भरणे आणि शेवटी तेल व रंग देणे ही कामे श्रावणापूर्वी उरकावी लागत. नारळी पौर्णिमेच्या सणास रंगवलेली होडी सज्ज असणे ही धार्मिक बाब जितकी, तितकीच व्यावहारिक मुदतही होती.

शिडाच्या होडीत इंजिन

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून (१९५१-५६), मुंबई राज्यात सहकारी संस्थांमार्फत कर्ज व अनुदान देऊन होड्यांच्या यांत्रिकीकरणास चालना मिळाली. याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नौका-आरेखनतज्ज्ञ भारतात पाठवले. पॉल झायनर व पीटर गुर्टनर ही त्यांतील प्रमुख नावे होत. कोचीन येथे १९५७ मध्ये केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आणि मुंबईत १९६१ मध्ये केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली. पुढे मत्स्यशिक्षण संस्थेचा विस्तार वेसाव्यातच झाला आणि १९८९ मध्ये तीस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मत्स्यविज्ञानाचे विद्यापीठ आणि कोळीवाडा एकमेकांचे शेजारी झाले.

तज्ज्ञांसमोर दोन पर्याय होते. एक, इंजिनासाठी संपूर्ण नवी नौका आखणे. दुसरा, अस्तित्वात असलेल्या होडीत आवश्यक ते फेरफार करणे. पश्चिम किनाऱ्याच्या उत्तर भागातील होड्या मुळातच फासळ्यांवर फळ्या बसवलेल्या, मजबूत कण्याच्या असल्याने दुसरा पर्याय येथे शक्य झाला. केरळच्या किनाऱ्यावरील कोरीव डोंग्यांच्या किंवा पूर्व किनाऱ्यावरील ओंडके बांधलेल्या कट्टुमरमांच्या बाबतीत ही सोय नव्हती. तेथे यांत्रिकीकरण प्रामुख्याने नव्या नौकांच्या रूपाने आले. म्हणून मुंबईच्या परिसरातील यांत्रिकीकरणाचा पहिला टप्पा हा मूलतः जुन्या होडीच्या दुरुस्तीचाच विस्तार होता.

हे काम वरकरणी वाटते तितके सोपे नव्हते. शिडाच्या होडीवर वाऱ्याचा जोर डोलकाठीतून कण्यावर पडतो. इंजिनाची थरथर मात्र होडीच्या मागील भागात एकवटते आणि अखंड चालते. ती पेलण्यासाठी अनेक फासळ्यांवर भार वाटणारे जाड लांब वासे तळाशी बसवावे लागले. पंख्याच्या दांड्यासाठी होडीच्या मागील खांबातून आरपार भोक पाडावे लागले. होडीचा सर्वांत बळकट भाग अशा रीतीने मुद्दाम कमकुवत करावा लागला आणि त्याची भरपाई बाजूंनी जादा लाकूड जोडून करावी लागली. दांड्याची रेषा किंचित चुकली तरी तो तापतो, झिजतो आणि पाणी आत येते. पंख्यास फिरण्यास जागा हवी म्हणून सुकाणूचा आकार बदलावा लागला. इंजिनाच्या वजनाने होडी मागे बसू नये यासाठी भाराची नव्याने मांडणी आवश्यक ठरली. कापसाने भरलेले सांधे सततच्या थरथरीने अधिक लवकर सैल होऊ लागल्याने वार्षिक दुरुस्तीचे महत्त्व यांत्रिकीकरणाने कमी न होता वाढले.

शीडही एकाएकी गेले नाही. इंजिन बंद पडल्यास घरी परतण्याचे साधन म्हणून ते काही काळ आखूड डोलकाठीवर टिकून राहिले. डोल जाळ्याच्या मासेमारीत तर इंजिनाने वाऱ्यावरचे अवलंबित्व संपवले, परंतु भरतीवरचे नाही. जाळे पाण्याच्या ओढीनेच भरत असल्याने होडीने केव्हा पोहोचावयाचे हे पूर्वीप्रमाणे समुद्रच ठरवीत राहिला. नवे यंत्र जुन्या वेळापत्रकात सामावले गेले.

पुढील दशकांत हीच प्रक्रिया इतर घटकांत दिसते. सुती व तागाच्या जाळ्यांच्या जागी नायलॉन आले. मालमोटारींची डिझेल इंजिने सागरी वापरासाठी बदलून बसवली जाऊ लागली. ही इंजिने जमिनीवरच्या मिस्त्र्यांनाही परिचित असल्याने त्यांचे सुटे भाग व दुरुस्ती सहज उपलब्ध झाली. बर्फ साठवण्यासाठी होडीच्या पोटात उष्णतारोधक कप्पे झाले. सागवानाच्या वाढत्या किमतींमुळे लाकडावर फायबरचा थर देणे व पुढे संपूर्ण फायबरची होडी घेणे हा मार्ग पुढे आला.

दुरुस्तीचे ज्ञान कोणाचे?

या प्रक्रियेत सुतार हा कारागीर महत्त्वाचा होताच. परंतु नाखवा हा केवळ गिऱ्हाईक नव्हता. कोणत्या वाऱ्यात होडी कोणत्या अंगाला कलते, कोणत्या सांध्यातून पाणी झिरपते, जाळे ओढताना काठ कोठे घासतो, ही माहिती वर्षभर होडीवर वावरणाऱ्यांकडेच असे. तांडेल आणि खलाशी यांचे अनुभव पावसाळ्यात सुताराच्या हत्यारापर्यंत पोहोचत. मासळीची विक्री व त्यातील पैसा प्रामुख्याने कोळी स्त्रियांच्या हाती असल्याने दुरुस्तीच्या खर्चाचा निर्णय त्यांच्याशिवाय होणे कठीण होते. दुरुस्ती हा अशा प्रकारे घर, होडी आणि किनारा यांना जोडणारा सामाजिक व्यवहार होता.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांचा नसून वापर आणि देखभालीचाही असला पाहिजे, अशी भूमिका मांडली. वेसाव्याची होडी या भूमिकेचे उत्तम उदाहरण ठरते. नोंदणीच्या कागदावर होडी एकच असते. लाकडात मात्र ती अनेक वर्षांची, अनेक हातांची आणि अनेक झाडांची असते.

जागेचा प्रश्न

हे ज्ञान पुस्तकांत नोंदवलेले नाही. ते कामातून शिकले जाते आणि कामास जागा लागते. उपनगरांच्या वाढीबरोबर किनाऱ्यावरील मोकळ्या वाळूवर निवासी, करमणुकीचे व वाहतुकीचे दावे वाढले. मालाडच्या खाडीतील गाळ आणि सांडपाणी यांनी होड्यांची ये-जा अवघड केली. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे सर्वेक्षण व स्वतंत्र वर्गीकरण करण्याची तरतूद केली, ही महत्त्वाची बाब होय. मात्र कोळीवाडा म्हणजे केवळ घरांची वस्ती असे मानल्यास होडी ओढण्याची, जाळी विणण्याची व मासळी सुकवण्याची जागा सीमारेषेबाहेर राहण्याचा धोका असतो. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूसारख्या प्रकल्पांच्या संदर्भात मच्छीमारांनी व्यक्त केलेली चिंता याच प्रश्नाशी निगडित आहे. जागा गेल्यास घर कदाचित वाचेल, परंतु होडी दुरुस्त करता येणार नाही. जी होडी दुरुस्त करता येत नाही ती फार काळ समुद्रात जाऊ शकत नाही.

निष्कर्ष

१) उपनगरातील कोळी होडी ही वार्षिक दुरुस्तीच्या गृहीतकावर उभी असलेली रचना होती. तिचा आकार जाळ्याने आणि तिचे वेळापत्रक मोसमी वारे व भरती यांनी ठरवले.
२) यांत्रिकीकरण हे केवळ शासकीय योजनेचे फलित नव्हते. जुन्या होडीत फेरफार करण्याच्या स्थानिक क्षमतेमुळे ते या किनाऱ्यावर लवकर रुजू शकले.
३) मोकळी वाळू ही या परंपरेची गोदी आहे. कोळीवाड्यांच्या सीमांकनात तिचा उत्पादक जागा म्हणून समावेश होणे आवश्यक आहे.
४) लाकडी होडीच्या दुरुस्तीचे ज्ञान असणारी पिढी वृद्ध होत आहे. त्याची नोंद करण्याचे काम किनाऱ्यालगतच्या महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व मराठी विभागांनी एकत्रितपणे हाती घेतल्यास मुंबईच्या सागरी इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल.