वाटाण्याचे रोप

1912 साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपटाला भांडवल देणार कोण? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला नि वाढत्या रोपाची एकेक चित्रे टिपत राहिले. ‘अंकुराची वाढ’ या लघुपटात रोप डोळ्यांदेखत वर आले, आणि सावकाराचा हात खिशाकडे गेला! 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

आज अशी चित्रे संगणकाची आज्ञावली जोडते. सेकंदाला 24 धरली, तर मिनिटाला 1440 चित्रे लागतात. ती जोडायला फुकटची ‘एफएफएमपेग’ शाळेला पुरते. ‘एलआरटाइमलॅप्स’ विकतची, तिच्यात ऊनसावलीची लुकलुक सहज निवळते. माझ्या मते आधी रोप उगवू द्यावे, लुकलुक खुपलीच तर पैसे काढावेत.