बाथटबवरील गोंद काढताना सावधान

बाथटबमध्ये पाय घसरू नये म्हणून तळाशी लावलेल्या पट्ट्या काढल्या, की गोंदाचा चिवट थर मागे राहतो. तो काढण्यासाठी अनेक जण नेलपॉलिश रिमूव्हरकडे वळतात. मात्र त्यात बहुधा असणारे अ‍ॅसिटोन अ‍ॅक्रिलिक विरघळवते आणि टबची चकाकी कायमची जाते. एनॅमलचा मुलामा दिलेल्या लोखंडी टबला त्याचा सहसा अपाय होत नाही. म्हणून टब कशाचा आहे, हे आधी पाहावे.

अ‍ॅक्रिलिकच्या टबसाठी खोबरेल तेल बरे. ते सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते. त्यामुळे नाशिकच्या थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवून ते पातळ करून घ्यावे. गरम पाण्यात पिळलेले फडके थरावर दहा मिनिटे ठेवावे. नंतर तेल चोळून अर्धा तास थांबावे आणि प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने थर हलकेच खरवडावा. ब्लेड व तारेची घासणी टाळावी.

शेवटी भांड्यांच्या साबणाने ओशटपणा पूर्ण धुऊन काढणे अत्यावश्यक आहे. तो राहिल्यास, ज्या वृद्धांसाठी पट्ट्या लावल्या होत्या, त्यांचाच पाय घसरण्याचा धोका संभवतो. नवी पट्टी टब पूर्ण कोरडा झाल्यावरच लावावी.