मोटारहोडी, द्रुतगती

अंतर्ज्वलन एंजिनाच्या शक्तीवर चालणारी व पुरेसा वेग येताच पाण्यावर उचलली जाऊन पृष्ठभागावरून घसरत जाणारी लहान नौका. साधी होडी पाणी बाजूस सारीत पुढे जाते. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे एंजिनाची शक्ती कितीही वाढविली, तरी तिचा वेग फारसा वाढत नाही. द्रुतगती होडीचा सपाट किंवा व्ही-आकाराचा तळ वेगाबरोबर वर उचलला जातो व पाण्याचा रोध कमी होतो. सांगाडा, एंजिन आणि एंजिनाची गती पाण्यापर्यंत पोहोचविणारी प्रचालन यंत्रणा हे तिचे तीन मुख्य घटक होत. पहिल्या दोहोंकडे ग्राहकाचे लक्ष सहज जाते. जुन्या होडीत दोष मात्र बहुधा तिसऱ्यात दडलेला असतो. शर्यती, सागरी गस्त व जलक्रीडा यांसाठी या होड्या वापरतात. समुद्रापासून दूर असलेल्या धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) त्यांचा संबंध मुख्यतः पूरग्रस्तांच्या सुटकेशी येतो.

गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८६ मध्ये जर्मनीतील नेकार नदीवर पेट्रोल एंजिनाची होडी चालवून दाखविली. पेट्रोलचा स्फोट होईल या धास्तीने लोक होडीत बसण्यास कचरत. म्हणून तिच्या काठाने तारा व चिनी मातीचे विसंवाहक लावून ती विजेवर चालते असा भास निर्माण केला होता, असे सांगतात. प्रारंभीच्या होड्यांत एंजिन आत बसवून तळातून तिरपा बाहेर काढलेल्या दंडाच्या टोकाला मळसूत्री पंखा जोडीत. ही रचना साधी व टिकाऊ असून अवजड नौकांत ती आजही आढळते. परंतु पंखा तळाखाली कायमचा लोंबत असल्याने उथळ पाण्यात तो खडकावर आपटतो. एंजिन, दंतचक्रे व पंखा एकाच जोडणीत आणून ती होडीच्या मागील फळीवर टांगण्याची कल्पना इतरांनीही आधी अंमलात आणली होती. तिला व्यापारी यश मिळवून दिले ते मूळचे नॉर्वेचे अमेरिकन यंत्रज्ञ ओली एव्हिनरूड यांनी. १९०९ मध्ये त्यांनी विक्रीस आणलेले आउटबोर्ड एंजिन अवघ्या दीड अश्वशक्तीचे होते. पंखा हवा तेव्हा पाण्याबाहेर उचलता येणे व बिघडलेले एंजिन काढून दुसरे लावता येणे, हे त्याचे दोन गुण शतकानंतरही तितकेच मोलाचे ठरले आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर सांगाड्यात मोठा बदल झाला. रेमंड हंट यांनी आखलेल्या खोल व्ही-आकाराच्या तळाची ‘मॉपी’ ही होडी १९६० च्या मायामी–नॅसॉ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात पहिली आली. वाढती शक्ती पाण्यापर्यंत पोहोचविण्याच्या दोन नव्या पद्धतीही याच सुमारास पुढे आल्या. १९५९ मध्ये स्वीडनच्या व्हॉल्व्हो पेंटा कंपनीने जिम विन यांच्या कल्पनेवरून ‘अ‍ॅक्वामॅटिक’ ही यंत्रणा बाजारात आणली. तीत एंजिन होडीच्या आत, तर वर उचलता येणारा व दिशा बदलणारा प्रचालन-पाय बाहेर असतो. म्हणून तिला स्टर्नड्राइव्ह असे नाव पडले. न्यूझीलंडचे विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० नंतरच्या दशकात तेथील उथळ नद्यांसाठी जलझोत यंत्रणा विकसित केली. तीत तळातून पाणी ओढून ते मागे जोराने फेकले जाते व उघडा पंखा नसतोच. सर एडमंड हिलरी १९७७ मध्ये ‘गंगा’, ‘किवी’ व ‘एअर इंडिया’ या तीन जलझोत होड्या घेऊन गंगासागरापासून प्रवाहाविरुद्ध निघाले, ते नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडविले जाईपर्यंत वर गेले. शर्यतीच्या क्षेत्रात मात्र आउटबोर्ड मागे पडले नाही : मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्र प्रदेशातील अमरावती येथे कृष्णा नदीत झालेल्या शर्यतींतील होड्यांना आउटबोर्ड एंजिनेच होती.

धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर जलविभाजकाच्या दोन्ही अंगांस पसरला आहे. मांजरा व तेरणा या नद्यांचे पाणी गोदावरीस, तर सीना व बोरी यांचे भीमेवाटे कृष्णेस मिळते. वर्षातील बराच काळ ही पात्रे कोरडी असल्याने नावाड्यांची मोठी परंपरा येथे रुजली नाही. पुराच्या वेळी भोपळ्यांची सांगड किंवा गूळ करण्याची काहील हीच ग्रामीण महाराष्ट्रातील पैलतीर गाठण्याची साधने होती; अलीकडे जलाशयांत मासे धरणारे थर्मोकोलचे तराफे वापरतात. या भागात पाण्याचे दोन टोकांचे रूप दिसते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरेच्या पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टर व होड्यांनी सोडवावे लागले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा व भूम तालुक्यांत तशीच वेळ आली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (स्थापना २००६) महाराष्ट्रातील तुकडी पुण्याजवळ आहे. ती पोहोचेपर्यंतचे तास स्थानिक होडीवर काढावे लागतात, आणि ती होडी कित्येक वर्षे पाण्यात उतरलेलीच नसते. त्यामुळे किनाऱ्यावरून जुनी होडी विकत घेणे आणि स्वतःच्याच कोठारातील पडून राहिलेली होडी बाहेर काढणे, या दोहोंत तपासणीच्या दृष्टीने फारसा भेद नाही.

प्रचालन यंत्रणेची निवड पाण्याच्या स्वरूपावर अवलंबून असते. मराठवाड्यातील पूर उभ्या उसावरून, कुंपणांच्या तारांवरून व झुडपांवरून वाहतो. जलझोत यंत्रणेला पंख्याची भीती नसली, तरी तिच्या शोषणमुखावर पाचट व कचरा अडकतो आणि गढूळ पाण्यातील वाळूने आतील फिरते चक्र झिजून झोताचा जोर घटतो. स्टर्नड्राइव्ह क्रीडानौकांत उत्तम. परंतु एंजिन व प्रचालन-पाय यांमधील सांध्यावरचे रबरी भाते कालांतराने तडकतात आणि पाणी थेट होडीत शिरते. जुनी स्टर्नड्राइव्ह होडी घेताना हे भाते न पाहणे म्हणजे बुडण्याची तयारी ठेवूनच ती घेणे होय. हवा भरलेली होडी, तिला वर उचलता येणारे आउटबोर्ड एंजिन आणि पंख्याभोवती जाळीचे कडे ही जोडणी येथे सर्वांत सोयीची ठरते. कड्यामुळे वेग थोडा घटतो. पाण्यात माणसे असताना ती उणीव पत्करलेली बरी.

एंजिन किती तास चालले याइतकेच ते किती काळ चालले नाही याला महत्त्व आहे. थंड पाणी खेचणारे रबरी पंपचक्र एकाच स्थितीत पडून राहिले, तर त्याची पाती वाकलेल्या आकारातच कडक होतात. एंजिन सुरू होते, पण काही मिनिटांत तापून अडकते. पाण्याच्या पिंपात एंजिन चालवून बाजूच्या छिद्रातून पाण्याची सलग धार येते की नाही हे पाहावे. टाकीत उरलेले पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरते, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते. खालच्या दंतचक्र-पेटीतील तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे, व त्यात धातूचा कीस आढळल्यास दंतचक्रे झिजली आहेत, असे समजावे. सर्व सिलिंडरांतील संपीडन जवळपास सारखे हवे; दहा टक्क्यांहून अधिक तफावत असलेले एंजिन न घेणे इष्ट. मागील फळीवर ठोकून पाहिल्यास कुजलेला भाग बद्द आवाज देतो.

मुंबई–अलिबागकडील होडी गोड्या पाण्यात आणताना आणखी दोन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. खाऱ्या पाण्यात चाललेल्या एंजिनाच्या शीतन-मार्गांत क्षार साचलेले असतात. तसेच गंजापासून रक्षण करणारे जस्ताचे ठोकळे गोड्या पाण्यात निष्प्रभ ठरतात. तेथे मॅग्नेशियमचे ठोकळे बसवितात. पंख्याचा आटा, म्हणजे एका फेऱ्यात तो सैद्धांतिकदृष्ट्या जेवढे अंतर कापतो ते, ही तिसरी बाब. आटा ३० सेंमी. असलेला पंखा मिनिटास २,५०० फेरे घेत असेल, तर त्याचा सैद्धांतिक वेग ताशी ४५ किमी. होतो, पाण्यातील घसर एकपंचमांश धरल्यास प्रत्यक्षात ३६ किमी. उरतो. समुद्रसपाटीवर एकट्या चालकासह चाचणी घेतलेल्या होडीचे हे गणित पठारावर बदलते. सु. ६०० मी. उंचीवरील विरळ हवेत एंजिनाची शक्ती ५ ते ६ टक्क्यांनी घटते आणि होडीत आठ माणसे असतात. अशा वेळी मोठ्या आट्याच्या पंख्याने एंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही व होडी पाण्यावर उचललीच जात नाही. लहान आट्याचा पंखा लावून पूर्ण भारासह जलाशयात पुन्हा चाचणी घ्यावी लागते. माकणी येथील निम्न तेरणा किंवा परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव यांसारख्या जलाशयांत पावसाळ्यापूर्वी पुरेसे पाणी असेल, त्या वर्षी ही चाचणी जिल्ह्यातच होऊ शकते.