झोप : मनाच्या जखमेवरील उपचारातील उपेक्षित दुवा

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झाली होती. गणपतींचे विसर्जन करून गावे झोपी गेली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील सास्तूर हा परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. झोप आणि मृत्यू यांची अशी गाठ पडल्यावर वाचलेल्या माणसाने डोळे मिटावेत तरी कसे?

हा प्रश्न वैद्यकशास्त्रासमोर त्याआधीच येऊन ठेपला होता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना रात्री तीच खंदके, तेच स्फोट दिसत. त्यांच्यावर उपचार करणारे ब्रिटिश डॉक्टर रिव्हर्स यांनी 1917-18 मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले : दिवसा नेटाने दाबून ठेवलेली आठवण रात्री उसळून वर येते. म्हणून ‘विसरून जा’ असे सांगण्याऐवजी ते रुग्णाला बोलते करीत.

दुसरा मार्ग होता औषधाने झोपवण्याचा. 1920 च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये क्लेसी यांनी मनोरुग्णांना अनेक दिवस गुंगीत ठेवून पाहिले. त्यांच्या 26 रुग्णांपैकी तीन दगावले. तरीही दुसऱ्या महायुद्धात घाबरलेल्या सैनिकांना गुंगीची औषधे दिली गेलीच. गुंगी म्हणजेच झोप, अशी त्या काळची समजूत होती.

ती समजूत 1953 मध्ये ढासळली. शिकागोमध्ये अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना आढळले की झोपेत काही काळ मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि मेंदू चांगलाच कामात असतो. झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणी पक्क्या करतो, हे पुढील संशोधनातून दिसत गेले.

1980 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे नाव अधिकृत केले. पण झोपमोड हे त्याचे केवळ एक लक्षण मानले जाई. मूळ विकार बरा झाला की झोप आपोआप येईल, असा समज होता. प्रत्यक्षात इतर त्रास कमी झाल्यावरही अनेकांची झोप मोडलेलीच राहते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उपचारात रुग्णाला सुरक्षित वातावरणात भीतीदायक आठवणीला सामोरे नेतात. त्यातून जुनी आठवण पुसली जात नाही. ‘आता धोका नाही’ असा एक नवा धडा तिच्याशेजारी लिहिला जातो. हा धडा पक्का होण्यास झोप लागते. मोडक्या झोपेत तो कच्चाच राहतो. म्हणून आज निद्रानाशावर वर्तनोपचार स्वतंत्रपणे दिले जातात. दुःस्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून त्या नव्या स्वप्नाची रोज मनात उजळणी करण्याची पद्धतही वापरली जाते. प्राझोसिन या औषधाकडून मोठ्या आशा होत्या, पण 2018 च्या मोठ्या चाचणीत ते निरौषधी गोळीपेक्षा सरस ठरले नाही. झोपेच्या नेहमीच्या गोळ्या तर या विकारावरचा उपाय नव्हेतच.

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीच्या शाळेत बसणारी आजची मुले 1993 नंतर जन्मलेली आहेत. पण रस्त्यावरचा अपघात, पूर किंवा घरातला अकाली मृत्यू त्यांच्याही वाट्याला येऊ शकतो. अशा घटनेनंतर काही दिवस झोप उडणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक मुले सावरतात. मात्र महिना उलटूनही एखादे मूल वर्गात पेंगत असेल, दचकत असेल, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी ‘रात्री झोप लागते का?’ एवढे आपण जरूर विचारावे. उत्तर ‘नाही’ असे आले, तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवावे.